बादली, पेटी आणि पगारपावती: अमेरिकेतल्या शेतमजुराचा पैसा नेमका कुठे गळतो?

वाफसा

फ्लोरिडात इमोकाली म्हणून गाव आहे. थंडीच्या दिवसांत अमेरिकेत शेतावर पिकलेला जो ताजा टोमॅटो विकला जातो, त्यातला बराचसा या पट्ट्यातला. तोडणारे बहुतेक मेक्सिको, ग्वातेमाला आणि हैतीकडचे. मजुरी रोजावर नाही, बादलीवर. एक बादली ३२ पौंडांची, म्हणजे साडेचौदा किलोंची. वर्षानुवर्षं बादलीचा दर ५० सेंटच्या आसपास होता.

संघराज्याचं किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर, २००९ पासून तेवढंच. दहा तासांचे झाले ७२.५०. त्यासाठी १४५ बादल्या हव्यात. वजनात ४६४० पौंड, म्हणजे एकवीस क्विंटल. एका माणसाने एका दिवसात वाकून तोडून, खांद्यावरून ट्रकपर्यंत पोचवलेले. ट्रकवर उभा असलेला माणूस बादली झेलतो, उलटी करतो, आणि मोजणीचं एक टोकन देतो. त्याला स्पॅनिशमध्ये 'फिचा' म्हणतात. संध्याकाळी जेवढ्या फिचा, तेवढी मजुरी.

गळती इथूनच सुरू होते. बादली भरली की नाही हे ट्रकवरचा माणूस ठरवतो. काठोकाठ भरलेली बादली त्याला अर्धवट वाटते. वर टोमॅटोची शीग लागली तरच फिचा. आपल्याकडे पायलीने धान्य मोजताना शिगेचं माप की सपाट, यावरून भांडणं व्हायची, तोच प्रकार. शिगेचा माल फुकट जातो, आणि दिवसभरात १४५ वेळा जातो.

यात वंशाचा प्रश्न कुठे येतो, असं विचारणारे विचारतीलच, म्हणून आधीच लिहितो. १९३५ चा राष्ट्रीय कामगार संबंध कायदा आला, संघटना करायचा हक्क मिळाला; त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले. १९३८ चा किमान वेतन आणि ओव्हरटाइमचा कायदा आला. त्यातूनही शेतमजूर वगळले. त्या वेळी दक्षिणेतल्या शेतांत आणि स्वयंपाकघरांत राबणारे मुख्यतः कृष्णवर्णीय होते, आणि दक्षिणेतल्या खासदारांच्या मतांशिवाय हे कायदे पुढे सरकत नव्हते. पुढे त्याच शेतांत मेक्सिकन माणसं आली आणि वगळलेपण त्यांच्या वाट्याला आयतं आलं. १९६६ च्या दुरुस्तीने मोठ्या शेतांवर किमान वेतन लागू झालं. संघराज्याच्या कायद्यात शेतमजुराला ओव्हरटाइम आजही नाही.

हा धागा व्यवहाराचा ठेवू या: मोजमाप, तास, ऊन, फवारणी, व्हिसा, दावा. 'किती वाईट वाटतं' यासाठी इतर धागे आहेत.

तिफण

बादलीचं पुढे काय झालं ते जोडतो. कोअलिशन ऑफ इमोकाली वर्कर्स या तिथल्या मजुरांच्या संघटनेने शेतमालकाशी भांडायचं सोडून थेट गिऱ्हाइकाला धरलं. त्यांचा हिशेब साधा होता: शेतमालकाला दर मोठ्या खरेदीदारांनी दाबून दिलाय, तर पौंडामागे एक सेंट जास्त त्यांच्याकडूनच काढा. टाको बेल या खाद्यसाखळीवरचा बहिष्कार २००१ ते २००५ चालला. मग एकेक करारावर आले: मॅकडोनाल्ड्स २००७, बर्गर किंग २००८, वॉलमार्ट २०१४. नोव्हेंबर २०१० मध्ये फ्लोरिडातल्या टोमॅटो उत्पादकांची संघटनाच करारात आली, तेव्हापासून तो 'फेअर फूड प्रोग्रॅम' म्हणून चालतो.

जास्तीचा सेंट पगारपावतीवर वेगळ्या ओळीत बोनस म्हणून दिसतो. पण माझ्या मते खरा फरक इतर तीन कलमांनी पडला.

एक, शीग बंद. बादली कुठवर भरायची हे ठरवून दिलं. शीग गेली म्हणजे त्याच टोमॅटोला साधारण दहा टक्के जास्त मजुरी.

दोन, घड्याळ. टोमॅटोवर दव असताना तोडणी करत नाहीत, ओल्या झाडांत हात घातला की रोग पसरतो. पूर्वी बस पहाटे शेतावर आणून सोडायची आणि दव उडेपर्यंत मजूर बांधावर बसून राहायचे. तास मोजायला सुरुवात पहिल्या बादलीपासून. आता शेतावर पाय ठेवला की कार्ड लावायचं.

तीन, आणि हे सगळ्यांत वजनदार: तक्रारीचा निकाल मालकाविरुद्ध गेला आणि त्याने सुधारणा केली नाही, तर करारातले खरेदीदार त्याचा माल घेणं थांबवतात. सरकारी दंड भरून मोकळं होता येतं. माल पडून राहिला की तो आठवड्यात सडतो.

नववा मजला

एक बाळबोध शंका. बादलीवर पैसे दिले तरी किमान वेतन द्यावंच लागत असेल ना? मग १४५ ऐवजी १०० बादल्या तोडणाऱ्याला मालक फरक भरून देणार. गळती कुठे झाली?

रेघोट्या

@नववा मजला, शंका बाळबोध नाही, सगळी मेख तिथेच आहे.

कायद्याने फरक भरून द्यायचा असतो. प्रत्यक्षात फरक भरण्यापेक्षा तास कमी लिहिणं स्वस्त पडतं. समजा रताळ्याच्या शेतावर बादलीला ४० सेंट दर आहे. माणूस दहा तास राबला, १४५ बादल्या झाल्या, म्हणजे ५८ डॉलर. ७.२५ ने दहा तासांचे व्हायला हवेत ७२.५०. मालकाने १४.५० भरायचे. त्याऐवजी पावतीवर लिहितात: तास ८. आठ गुणिले ७.२५ बरोबर ५८. कागद चोख.

ओळखायची खूण: पावतीवरच्या कमाईला तासांनी भागा. आठवड्यामागून आठवडे भागाकार बरोब्बर किमान वेतनाएवढाच येत असेल, तर तास उलटे काढलेत असं समजा. खऱ्या कामात आकडे इतके सरळ येत नाहीत. कुणी झपझप तोडतो, कुणी सावकाश.

दुसरं छिद्र लहान शेतांचं. आदल्या वर्षाच्या कुठल्याही तिमाहीत ५०० 'मनुष्य-दिवस' भरले नसतील, तर त्या मालकाला संघराज्याचं किमान वेतनही लागू नाही. एका माणसाने दिवसात एक तास जरी काम केलं तरी तो एक मनुष्य-दिवस. सात माणसं आठवड्याचे सहा दिवस तेरा आठवडे लावली तर ५४६ होतात, म्हणजे मर्यादा साधारण सात माणसांच्या टोळीवर येते. राज्याचा कायदा वेगळा असेल तर मजूर वाचतो, नसेल तर नाही.

कॅलिफोर्नियाचं गणित यापेक्षा वेगळं आहे. रात्री सविस्तर लिहितो.

खडीसाखर

मूळ लेखात वंशाची गोष्ट १९३५ पासून सुरू केलीत, ती बत्तीस वर्षं मागे न्या. १९०३, कॅलिफोर्नियातलं ऑक्सनार्ड, साखरेच्या बीटाची शेतं. जपानी आणि मेक्सिकन मजुरांनी एकत्र संघटना काढली आणि संप जिंकला. मग अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या कामगार संघटनांच्या महासंघाकडे सदस्यत्व मागितलं. अध्यक्ष सॅम्युअल गॉम्पर्स यांची अट आली: चिनी-जपानी लोकांना सभासद करायचं नाही. संघटनेचे मेक्सिकन सचिव लिझारास यांनी या अटीवर सदस्यत्व घ्यायला नकार दिला. म्हणजे शेतमजुरांना बाहेर ठेवणारे फक्त मालक आणि खासदार नव्हते, त्यात कामगारांचे पुढारीही होते.

तसंच कॅलिफोर्नियातल्या डेलानोचा द्राक्षसंप. तो ८ सप्टेंबर १९६५ ला फिलिपिनो मजुरांनी सुरू केला, लॅरी इटलिआँग त्यांचे नेते. सेझार चावेझ आणि डोलोरेस वेर्ता यांची मेक्सिकन मजुरांची संघटना आठ दिवसांनी, १६ सप्टेंबरला त्यात उतरली. आधी मालकांची ठरलेली चाल असायची: फिलिपिनो संपावर गेले की मेक्सिकन टोळी लावायची, मेक्सिकन गेले की फिलिपिनो. या वेळी ती चालली नाही. १९७० मध्ये करार झाले. दर वेळी फक्त चावेझ यांचं नाव येतं म्हणून लिहिलं.

आणि एक: १९३५-३८ चं वगळणं निव्वळ वांशिक हेतूने झालं की शेतमालकांच्या दबावाने, यावर इतिहासकारांत वाद आहे. परिणाम कुणावर झाला यावर वाद नाही.

बांधावरून

कमरेचा विषय अजून कुणी काढला नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनासच्या खोऱ्यात लेट्यूसची विरळणी आखूड दांड्याच्या कुदळीने करायचे. स्पॅनिशमध्ये 'एल कोर्तितो', म्हणजे आखूडशी. दांडा जेमतेम हात-सव्वा हाताचा. पाय सरळ, कंबरेतून दुमडलेला, आणि तसाच सरीभर पुढे सरकत जायचं. मालक म्हणायचे, लांब दांड्याने रोप तुटतं. मजूर सांगायचे, खरं कारण वेगळंच आहे: आखूड कुदळ असली की कोण सरळ उभा राहिला ते लांबून दिसतं.

कॅलिफोर्निया रूरल लीगल असिस्टन्सच्या वकिलांनी डॉक्टरांच्या साक्षी गोळा केल्या, मणक्याच्या चकत्या झिजल्याच्या. जानेवारी १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मजुरांच्या बाजूने लागला आणि त्याच वर्षी कुदळ बंद झाली. लेट्यूस काही बुडालं नाही.

मग पळवाट: कुदळ नको ना, हाताने उपटा! त्यावर नियम यायला २००४ उजाडलं. आता वाकून हाताने निंदणी करून घ्यायची तर दुसरा वाजवी पर्याय नसावा लागतो, आणि प्रत्येक विश्रांतीत पाच मिनिटं जास्त द्यावी लागतात. सेंद्रिय शेतीला आणि दाट लावलेल्या पिकांना यातून सूट आहे. सेंद्रिय भाजी घेताना हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

नववा मजला

@बांधावरून, आपल्याकडे बायका जन्मभर खुरपणी करतात, तिथे कोण बंदी घालतंय?

बांधावरून

खुरपणी उकिडवं बसून होते, भार गुडघ्यांवर येतो. कोर्तितोचा भार कंबरेवर. गुडघे गेलेल्या बाया गावोगाव आहेत, त्यांची नोंद कुणी ठेवत नाही, हे तुमचं खरं. पण आमच्याकडे मोजत नाहीत म्हणून तिथलं मोजणं फिजूल ठरत नाही.

रेघोट्या

कॅलिफोर्नियाचं गणित. स्ट्रॉबेरी घेऊ, आकडे उदाहरणादाखल. वॉट्सनव्हिल, सांता मारिया, ऑक्सनार्ड हा स्ट्रॉबेरीचा पट्टा. एका पेटीत एक-एक पौंडाचे आठ डबे; महाबळेश्वरकडे पनेट म्हणतात तसले. मजूर एका चाकाची छोटी गाडी सरीतून ढकलत तोडतो आणि तोडतानाच डबे लावतो. पेटी तपासनिसाकडे दिली की कार्डावर नोंद.

संघराज्याच्या नियमात आठवड्याची एकूण कमाई भागिले एकूण तास, हे किमान वेतनाच्या वर गेलं की मालक सुटला. कॅलिफोर्नियात असं सरासरीत बसवता येत नाही. २०१६ पासून लागू झालेल्या, राज्याच्या कामगार कायद्याच्या कलम २२६.२ प्रमाणे तीन गोष्टी वेगवेगळ्या द्यायच्या: पेट्यांचे पैसे, विश्रांतीचे पैसे, आणि ज्या वेळात पेटी भरता येत नाही त्या वेळाचे पैसे.

पाच दिवस, रोज आठ तास, एकूण ४०. चार तासांमागे दहा मिनिटं विश्रांती, म्हणजे रोज २० मिनिटं, आठवड्याला १०० मिनिटं, १.६७ तास.
पेट्या ४००, दर २.२० डॉलर: ८८० डॉलर.
सकाळची सुरक्षा बैठक, एका शेतातून दुसऱ्यात जाणं, पेट्यांचा ट्रक येईपर्यंत थांबणं, मिळून २ तास. २०२५ चं राज्याचं किमान वेतन १६.५०, म्हणून ३३ डॉलर.
विश्रांतीचा दर: (८८० + ३३) भागिले (४० वजा १.६७) = ९१३ ÷ ३८.३३ = २३.८२ डॉलर ताशी.
विश्रांतीचे पैसे: १.६७ तासांचे ३९.७० डॉलर.
एकूण ९५२.७०.

पावतीवर नुसते ८८० असतील तर आठवड्याला ७२.७० गेले. वीस आठवड्यांच्या हंगामात १४५४ डॉलर.

नेहमीच्या चुका दोन. पहिली, विश्रांती किमान वेतनाने लावतात. नियम असा की वरची सरासरी आणि किमान वेतन यातलं जे जास्त असेल ते. दुसरी, भागताना ३८.३३ ऐवजी ४० घेतात. मग दर २२.८३ येतो, माणशी आठवड्याला १.६६ डॉलर कमी. क्षुल्लक वाटतं. तीनशे मजूर आणि पंचवीस आठवडे धरले की १२,४५० होतात. ही चूक बऱ्याचदा पगाराच्या सॉफ्टवेअरमधली असते. दुष्टपणा लागतच नाही.

विश्रांतीचे तास, तिचा दर आणि रक्कम पावतीवर स्वतंत्र दिसायलाच हवी. ओळच नसेल तर तिथेच नियमभंग.

तिफण

+१. ओव्हरटाइमचंही टाकून ठेवतो. कॅलिफोर्नियात २०१९ पासून टप्प्याटप्प्याने आला. दिवसाला ८ आणि आठवड्याला ४० तासांनंतर दीडपट, मोठ्या मालकांना १ जानेवारी २०२२ पासून, पंचवीस किंवा कमी मजूर असलेल्यांना १ जानेवारी २०२५ पासून. वॉशिंग्टनमध्ये २०२४ पासून ४० तास. न्यूयॉर्कमध्ये ६० वरून उतरत २०३२ ला ४० वर यायचंय.

यातलं कडू सत्यही लिहायला हवं. बऱ्याच मालकांनी दीडपट देण्याऐवजी तास ४० वर आणले आणि उरलेल्या कामावर दुसरी टोळी लावली. दहा तासांच्या हिशेबाने घरभाडं ठरवलेल्या मजुराच्या हातात आठवड्याला कमी पडलं, आणि मग तो संध्याकाळी दुसऱ्या ठेकेदाराकडे जातो. तिथे तास पुन्हा शून्यापासून.

वाफसा

रेघोट्या, विश्रांतीच्या दराचा मुद्दा उन्हाशी जोडून घ्या, तिथे तो जिवाशी येतो. पेटीवर पैसे मिळणारा माणूस पाणी प्यायला जात नाही, कारण पाण्याची कोठी सरीच्या टोकाला असते आणि जाऊन येण्यात एक पेटी जाते. विश्रांती पेटीच्या सरासरी दराने भरून मिळाली तरच सावलीत बसणं परवडतं.

कॅलिफोर्नियाचा उन्हाचा नियम २००५ मधला, उघड्यावरच्या कामासाठी अमेरिकेत पहिला. ८० अंश फॅरनहाइटच्या (साधारण २७ सेल्सिअस) वर सावली उभी केलेली हवी, आणि विश्रांतीवर असलेले सगळे तिच्यात मावायला हवेत. एसी बंद असलेल्या गाडीत बसवलं तर ती सावली धरत नाहीत. पाणी माणशी ताशी एक क्वार्ट, म्हणजे लिटरला थोडं कमी, थंड आणि फुकट. ९५ अंशांवर (३५ सेल्सिअस) शेतीत दर दोन तासांनी दहा मिनिटं सक्तीची विश्रांती. नव्या माणसावर पहिले १४ दिवस लक्ष ठेवायचं. अंगाला ऊन सवयीचं व्हायला तेवढे दिवस लागतात.

नियम असून काय होतं तेही बघा. मे २००८ मध्ये स्टॉकटनजवळच्या द्राक्षमळ्यात १७ वर्षांची एक गरोदर मुलगी कोसळली आणि दोन दिवसांनी गेली. अंगातला ताप १०८ अंशांवर पोचला होता. नियम तेव्हा तीन वर्षांचा झाला होता.

संघराज्याच्या पातळीवर उन्हाचा नियम २०२४ मध्ये नुसता प्रस्तावित झाला. त्याच वर्षी फ्लोरिडाने उलट कायदा केला: कुठल्याही काउंटीने किंवा शहराने उन्हाचे स्वतःचे नियम करायचे नाहीत.

खडीसाखर

फवारणीबद्दल एकच गोष्ट, पण ती पाठ असावी. ऊन लागणं आणि ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची बाधा वरवर सारखी दिसते: घाम, मळमळ, डोकं दुखणं, थकवा. फरक डोळ्यांत आणि तोंडात सापडतो. विषबाधेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि डोळ्यांतून पाणी येतं, नाडी मंदावू शकते. ऊन लागलं असेल तर तोंड कोरडं, डोळ्यांत पाणी नाही, नाडी जलद. विषबाधेच्या माणसाला 'ऊन लागलंय, सावलीत बसव' म्हणून त्याच कपड्यांत ठेवलं तर कपड्यांवरचं औषध अंगात जातच राहतं. कपडे उतरवा, साबणाने धुवा, औषधाचं लेबल घेऊन दवाखाना गाठा.

फवारणीनंतर शेतात किती तास शिरायचं नाही ते लेबलावर असतं. १२, २४, ४८, काहींना त्याहून जास्त. धुण्याचं पाणी, साबण आणि एकदाच वापरायचे टॉवेल पाव मैलाच्या आत असायला हवेत. मालकाने काय आणि कधी फवारलं त्याची माहिती लावलेली असावी लागते. ती इंग्रजीत असते, आणि वाचणाऱ्याची मातृभाषा बऱ्याचदा स्पॅनिशसुद्धा नसते. मिक्स्टेको, त्रिकी, झापोटेको या मेक्सिकोतल्या आदिवासी भाषा बोलणारे खूप आहेत. वॉशिंग्टन राज्यात बेरीतोडणी करणाऱ्या अशाच मिक्स्टेको-त्रिकी मजुरांनी फामिलियास उनिदास पोर ला हुस्तिसिया ही संघटना २०१३ मध्ये काढली, करार २०१७ मध्ये झाला.

नववा मजला

हे सगळं विनाकागदपत्रांच्या लोकांचं झालं. एच-टू-ए, म्हणजे हंगामी शेतकामाच्या व्हिसावर येणारे तर कायदेशीर. राहायला फुकट, येण्याजाण्याचं भाडं मालकाकडे. त्यांची तक्रार कशाबद्दल?

तिफण

पहिली गोष्ट, विनाकागदपत्रांच्या लोकांचंच झालं असं नाही. वर लिहिलेले वेतनाचे आणि उन्हाचे नियम कागदपत्रं असोत-नसोत लागू आहेत. केलेल्या कामाची मजुरी बुडवायला 'कागद नाहीत' हे कारण चालत नाही.

आता एच-टू-ए. १९८६ च्या कायद्याने हा प्रकार वेगळा केला. त्याआधी १९४२ ते १९६४ मेक्सिकोतून हंगामापुरते मजूर आणायचा ब्रासेरो करार होता. व्हिसा एकाच मालकाशी बांधलेला. मालक बदलायचा तर नव्या मालकाला नवा अर्ज करावा लागतो. नोकरी गेली की देशात राहायला थोडेच दिवस उरतात, आणि घर मालकाचंच, म्हणून छप्परही जातं. अशा माणसाने पगारपावतीवर बोट ठेवायचं म्हणजे कठीणच.

कागदावरचे हक्क मात्र चांगले आहेत, तपासायचे असे:

तीन-चतुर्थांश हमी. करार २० आठवड्यांचा, आठवड्याला ४० तास, एकूण ८००. त्यातल्या ६०० तासांचं काम द्यायलाच हवं. ५२० तासच मिळाले तर ८० तासांचे पैसे काम न करता द्यायचे. मेख अशी की मजुराने नाकारलेले तास 'दिलेले' धरतात. म्हणून मुकादम पावसाच्या दिवशी 'आज कुणाला यायचं नाही?' असं गोडीने विचारतो आणि हो म्हणणाऱ्यांचे तास नाकारले म्हणून लिहितो. तोंडी उत्तर देऊ नये. काम नव्हतं की नाकारलं, ते त्याच दिवशी वहीत लिहावं.

प्रवासखर्च. अर्धा करार पूर्ण झाला की येण्याचा खर्च परत, पूर्ण झाला की जाण्याचा. पण २००२ च्या अरियागा खटल्यात अपील न्यायालयाने म्हटलं की व्हिसा आणि प्रवासाच्या खर्चामुळे पहिल्या आठवड्याची मजुरी किमान वेतनाखाली जात असेल, तर तेवढा फरक पहिल्याच आठवड्यात द्यायचा.

कपात. एच-टू-ए मजुरीवर सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअरचा (म्हातारपणीचा आरोग्यविमा) कर लागत नाही. पावतीवर ती कपात दिसली तर चूक आहे, परत मागा.

भरतीचे पैसे. मजुराकडून घ्यायला बंदी आहे, तरी गावाकडचा दलाल घेतोच. ऊसतोडीत मुकादम उचल देऊन माणूस बांधतो. इथे माणूसच दलालाला पैसे मोजून येतो, तेही व्याजाने काढून. कर्ज दोन्हीकडे डोक्यावर, फक्त पैसा उलट्या दिशेने फिरतो.

रेघोट्या

याच व्हिसाची दुसरी बाजू मिसिसिपी डेल्टात दिसली. २०२१ मध्ये सहा कृष्णवर्णीय मजुरांनी दावा केला की मालकाने एच-टू-ए वर गोरे दक्षिण आफ्रिकी ट्रॅक्टरचालक आणले, त्यांना ताशी जास्त दर दिला आणि वर्षानुवर्षं तेच काम करणाऱ्या स्थानिकांना कमी. त्यांना शिकवायलाही यांनाच लावलं. नियम सरळ आहे: परदेशी मजुराला जो दर देता, तोच त्याच कामावरच्या स्थानिकाला द्यायचा. प्रकरण पुढे तडजोडीने मिटलं. १९३८ मध्ये ज्यांना वगळलं त्यांच्याच नातवंडांची ही गोष्ट.

बांधावरून

अवांतर: मेक्सिकन शेतकऱ्यांशी मराठी माणसाचं नातं शोधायचं तर वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतून परागंदा होऊन मेक्सिकोत पोचले, १९२० च्या दशकात चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवत होते, मक्यावर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलंय. बाकी वेगळ्या धाग्यात.

नववा मजला

शेवटचं विचारतो. समजा पावतीत घोळ सापडला. कॅलिफोर्नियातल्या मजुराने पुढे नेमकं काय करायचं?

वाफसा

लेबर कमिशनरकडे, म्हणजे राज्याच्या कामगार आयुक्ताकडे दावा. फी नाही, वकील लागत नाही, देशात राहण्याची कागदपत्रं विचारत नाहीत. किमान वेतन, ओव्हरटाइम आणि विश्रांतीच्या पैशांसाठी तीन वर्षं मागे जाता येतं.

आधी प्रतिवादी नीट ठरवा. पावतीवर बहुधा ठेकेदाराचं नाव असतं, शेतमालकाचं नाही. २०१५ पासून कॅलिफोर्नियात ठेकेदाराने बुडवलेल्या मजुरीला काम करून घेणाराही जबाबदार आहे, काही लहान मालक वगळून. दोघांची नावं घाला. ठेकेदार हंगाम संपला की कंपनी बंद करून भावाच्या नावाने दुसरी काढतो. शेत जागचं हलत नाही.

ठेकेदाराचा परवाना तपासा. परवान्यासाठी त्याला हमीरोखा द्यावा लागतो: वर्षाचा पगारखर्च ५ लाख डॉलरपर्यंत असेल तर २५,००० चा, २० लाखांपर्यंत ५०,००० चा, त्यापुढे ७५,००० चा. कंपनी बुडाली तरी या रोख्यावर दावा लागतो, पण मजूर शंभर असले तर तो पुरत नाही. उशीर करू नये.

मग तडजोडीची बैठक, ती फसली तर सुनावणी. तडजोडीत मालक पहिल्यांदा अर्धी रक्कम म्हणतो. कामावरून काढल्यावर शेवटचा पगार वेळेत दिला नसेल, तर ३० दिवसांपर्यंतच्या मजुरीइतका दंड वेगळा लागतो. बऱ्याच दाव्यांत तो मूळ रकमेहून मोठा निघतो. म्हणून 'अर्धी' कशाची अर्धी, ते आधी विचारावं.

अर्जात दुभाष्याची भाषा लिहायची जागा असते. तिथे मिक्स्टेको बोलणाऱ्याच्या वतीने कुणीतरी सवयीने 'स्पॅनिश' भरतं आणि सुनावणीच्या दिवशी माणूस मान डोलावत बसतो. मिक्स्टेको लिहिलं तरी पुरत नाही. गावागणिक बोली बदलते, गावाचं नाव आणि तालुकाही लिहा.

नववा मजला

आणि मालकाने तासांची नोंदच ठेवली नसेल तर?

रेघोट्या

मग मजुराची वही चालते. नोंद ठेवायची जबाबदारी मालकाची. त्याने ठेवली नसेल तर मजुराचा वाजवी अंदाज धरला जातो आणि तो खोडून काढायचं ओझं मालकावर येतं. वहीत रोज: तारीख, शेताचं नाव आणि ब्लॉक नंबर, पोचल्याची वेळ, पहिली पेटी कधी, जेवण किती मिनिटं, थांबून काढलेला वेळ आणि कशासाठी, निघाल्याची वेळ, पेट्या, टोळीप्रमुखाचं नाव, गाडीचा नंबर. ठेकेदाराने दराचा फलक इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये लावायचा असतो, त्याचा फोटो पहिल्याच दिवशी काढावा. हंगामात दर मध्येच बदलला की तोच कामाला येतो. पेटीचं कार्ड संध्याकाळी परत घेतात, म्हणून देण्याआधी त्याचाही फोटो. एकाच पेनाने एका बैठकीत लिहिलेली वही सुनावणीत लगेच ओळखू येते, तेव्हा जे लिहायचं ते त्या-त्या दिवशी.